कँटोनीज की डॅनिश? मराठी कानाला काय जड जातं

माझ्या आतेबहिणीच्या नवऱ्याला कंपनीने दोन पर्याय दिले, कोपनहेगन किंवा हाँगकाँग, आणि तिचा मला फोन आला की "तू दोन्हीकडे राहिलायस ना, मग सांग, कुठली भाषा सोपी?" मी चार वर्षं कोपनहेगनला आणि नंतर दोन वर्षं हाँगकाँगला काढली, दोन्हीकडे भाषा शिकायचा प्रयत्न केला, एकीकडे बरा जमला, एकीकडे अर्धवट. फोनवर तासभर बोललो तरी तिचं समाधान झालं नाही, म्हणून सगळं लिहूनच काढतोय.

नेटवर शोधलं की पहिल्यांदा समोर येतो तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संस्थेचा तक्ता. त्यांच्या हिशोबाने डॅनिश सगळ्यात सोप्या गटात, 24 ते 30 आठवडे, आणि कँटोनीज सगळ्यात अवघड गटात, 88 आठवडे म्हणजे 2200 तास वर्गात बसायचं. लोक हा तक्ता बघतात आणि विषय संपवतात. पण तो तक्ता इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी बनवलाय, आणि त्यात बोलणं आणि वाचणं दोन्ही धरलंय. आपण मराठी, आपल्याकडे च दोन प्रकारचे, ख-घ-छ-झ सगळं लहानपणापासून तोंडात बसलेलं. आपला तक्ता वेगळा निघतो.

आधी थोडक्यात ओळख. डॅनिश बोलणारे साधारण 60 लाख, म्हणजे सगळे मिळून मुंबईच्या निम्मेसुद्धा नाहीत. भाषा जर्मन-इंग्रजीच्या घराण्यातली आणि लांबून आपलीही नातलग. कँटोनीज मूळची चीनच्या ग्वांगचौ शहराची, ज्याला पूर्वी कँटन म्हणायचे, आणि आज हाँगकाँग, मकाऊ, ग्वांगडाँग प्रांत, मलेशियातलं क्वालालंपूर, इकडे व्हँकूव्हर, टोरांटो असं सगळीकडे पसरलेली, तिच्या बोलींसकट धरलं तर आठ कोटींच्या आसपास लोक. हाँगकाँगमध्ये दहातले जवळजवळ नऊ जण रोज हीच बोलतात. मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, येत असेल तर कँटोनीज समजेल असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा, बीजिंगचा माणूस हाँगकाँगच्या टॅक्सीत तुमच्याइतकाच गोंधळतो.

आता खरी गंमत उच्चारांपासून सुरू होते. स्पॅनिश-इटालियनमध्ये बी आणि पी मधला फरक कंठ थरथरतो की नाही याचा. डॅनिशमध्ये आणि कँटोनीजमध्ये, दोन्हीकडे, तसं नाहीच. तिथे फरक आहे तो हवेच्या झोताचा. म्हणजे रोमन लिपीत बी लिहिलं असेल तर म्हणायचं प, आणि पी लिहिलं असेल तर म्हणायचं फ, तो फळातला फ बरं का, फॅनमधला नाही. डी म्हणजे त-ट च्या मधलं काहीतरी, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. डॅनिशमध्ये थँक्यूला टी-ए-के लिहितात आणि ते 'थाक' ऐकू येतं, थ च्या मागे किंचित स लागलेला. कँटोनीजमध्ये शंभरला 'पाक्', घाबरणं म्हणजे 'फा'. माझ्या वर्गातले स्पॅनिश आणि इटालियन लोक या एका गोष्टीवर कित्येक आठवडे अडकले होते आणि मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात क ख, त थ, प फ म्हणत होतो. दुसरी-तिसरीत बाईंनी घोकून घेतलेली बाराखडी अशी कोपनहेगनमध्ये कामाला आली.

कँटोनीजमध्ये तर आणखी दोन बक्षिसं आहेत. एक म्हणजे चमचा मधला च. हिंदीवाल्यांना हा येत नाही, आपल्याला येतो, आणि कँटोनीजला नेमका तोच लागतो. आणि दुसरं बक्षीस म्हणजे ङ. आयुष्यभर हे अक्षर 'वाङ्मय' सोडून कुठे वापरलं सांगा? कँटोनीजमध्ये 'मी' ला म्हणतात 'ङो', आणि पाच या आकड्याला म्हणतात नुसतं 'ङ'. पुढेमागे काही नाही, तोंड बंद, नाकातून ङ, झाले पाच. (तरुण हाँगकाँगकर हल्ली ङो च्या जागी नुसतं 'ओ' म्हणतात, आणि 'नेय' म्हणजे 'तू' याला 'लेय', आणि तिथले भाषाशिक्षक त्याला आळशी उच्चार म्हणून नावं ठेवतात. आपल्याकडे ण-न वरून जे चालतं तेच.)

आपल्याला दोन्हीकडे न येणारी गोष्ट म्हणजे ओठ गोल करून काढायचे स्वर. ओठ 'ऊ' म्हणायला करतो तसे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. जमेपर्यंत आरशासमोर वेड्यासारखं दिसतं. पण एका भाषेसाठी शिकलात की दुसऱ्या भाषेत फुकट मिळतं, पुस्तकाला कँटोनीजमध्ये जे 'स्यू' म्हणतात त्यातला स्वर आणि डॅनिशमधल्या वाय अक्षराचा स्वर, भाऊभाऊ.

सुरांचं काय? कँटोनीज म्हटलं की सगळे इथेच घाबरतात. सहा सूर. 'सी' हा एकच आवाज, वरच्या पट्टीत सरळ धरला तर कविता, मधून वर चढवला तर इतिहास, मधल्या पट्टीत सरळ धरला तर प्रयत्न करणं, खाली सोडला तर वेळ, खालून थोडा वर नेला तर बाजार, खालच्या पट्टीत सरळ ठेवला तर 'आहे'. जुने लोक नऊ सूर म्हणतात, पण त्यातले शेवटचे तीन म्हणजे ज्या शब्दांच्या शेवटी प्, त्, क् येऊन आवाज तुटतो तेच, नवीन सूर नाहीत. तिथे शिकवणारे एक नंबर पाठ करून घेतात: 3-9-4-0-5-2. साम, काउ, सेय, लिंग, ङ, यी. हे सहा आकडे ओळीने म्हटले की सहाही सूर ओळीने येतात. पुढे 7-8-6 जोडलं की ते तुटके तीन पण आले. मी हे लोकल ट्रेनमध्ये पाठ केलं, शेजारच्या आजी माझ्याकडे बघून हसत होत्या, मग त्यांनीच 9 चा सूर दुरुस्त करून दिला.

कठीण आहे का? आहे. पण माझं मत विचाराल तर जरा जास्तच बाऊ केलाय. आपणही सूर वापरतोच, 'हो', 'हो?', 'होऽऽ का' हे तीन वेगळे अर्थ आपण सुरावरच ओळखतो. फरक इतकाच की आपण सूर भावनेसाठी ठेवलाय आणि त्यांनी तो शब्दासाठी खर्च केलाय. मग भावना कुठे जाते? तर वाक्याच्या शेपटीला. लाऽ, लोऽ, आ, का, वो, मे अशी बारकी बारकी अक्षरं वाक्याच्या शेवटी चिकटवतात, त्यातून विनवणी, वैताग, 'मी सांगितलंच होतं', 'खरं की काय' असं सगळं कळतं. इंग्रजी पुस्तकं या अक्षरांवर पानंच्या पानं लिहितात आणि तरी वाचणाऱ्याला कळत नाही. आपल्याला एका वाक्यात सांगता येतं: 'ये', 'ये ना', 'ये की', 'ये बरं का', 'ये रे'. तेच ते.

फजिती मात्र होतेच. विकत घेणं आणि विकणं, दोन्हीला 'माय'. खालून वर नेलं तर घेणं, खाली सरळ ठेवलं तर विकणं. बाजारात मी भाजीवालीला महिनाभर 'मला पालेभाजी विकायचीय' असं सांगत होतो. तिने एकदाही तक्रार केली नाही, जुडी पिशवीत घालायची आणि पैसे घ्यायची.

डॅनिशला सूर नाहीत म्हणून हुश्श करू नका. तिथे 'स्टोध' नावाचा प्रकार आहे, घशात बसणारा एक छोटासा झटका. तोंड न उघडता आपण नकार देताना 'अं-अं' करतो ना, मधे जी अडवणूक होते ती. 'हून' म्हटलं तर 'ती', आणि शेवटी झटका दिला तर 'कुत्रा'. आई आणि खून या दोन शब्दांतही फरक फक्त या झटक्याचा. कागदावर दोन्ही शब्द वेगळे लिहिलेत, शेवटी एक जादा डी असतो, पण तो डी कुणी उच्चारत नाही.

आणि इथेच डॅनिशचं खरं दुखणं सुरू होतं, ते अक्षरं गिळतात. प्रश्नातल्या 'काय' साठी चार अक्षरं लिहितात, एच-व्ही-ए-डी, आणि म्हणतात 'व'. 'अर्थातच' या अर्थाचा भलामोठा शब्द आहे, बारा अक्षरांचा, बोलताना 'सेफोली' एवढाच उरतो. शब्दाच्या मधला किंवा शेवटचा डी असेल तर जिभेचं टोक खालच्या दातांमागे सैल सोडून असा काही आवाज काढतात की आपल्या कानाला तो ल वाटतो. अन्नाला एम-ए-डी लिहितात, ऐकू येतं 'मॅल'. परदेशी माणसाची मजा बघायला ते एका लाल फळांच्या, वर साय घातलेल्या पदार्थाचं नाव म्हणायला लावतात, त्यात असे चार डी आणि घशातले दोन र एकापाठोपाठ येतात, तुम्ही म्हणालात की सगळे टेबलावर हात मारून हसतात. जावयाला उखाणा घ्यायला लावण्यासारखंच, फक्त दर पार्टीत.

स्वराची अक्षरं नऊ, पण तोंडातून निघणारे स्वर वीसच्या वर. हे फक्त आपल्यालाच जड जातं असं नाही, ओडेन्सच्या युनिव्हर्सिटीत लहान मुलांवर संशोधन झालंय, त्यात डॅनिश बाळांना शब्द ओळखू यायला इतर काही युरोपियन भाषांतल्या बाळांपेक्षा उशीर लागतो असं दिसलंय, कारण शब्द कुठे संपला तेच कळत नाही. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता डॅनिश आकडे, कारण सगळ्या युरोपात त्यांची बदनामी आहे आणि आपल्याला ते जवळजवळ घरचे आहेत. पहिल्याच आठवड्यात बेकरीत गेलो, दोन पाव आणि एक केक घेतला, काउंटरवरची बाई म्हणाली 'हाल्त्रेस', मला सुरुवातीचं 'हाल्' ऐकूच आलं नाही, मी ऐकलं 'त्रेस' म्हणजे 60, तेवढे क्रोनर दिले, तिने हसत हसत दहा परत केले. हाल्त्रेस म्हणजे 50. का? तर ते वीसच्या हिशोबात मोजतात. त्रेस म्हणजे तीन विसा, साठ. फिर्स म्हणजे चार विसा, ऐंशी. माझी आजी अंडी आणि आंबे विसावर मोजायची, ती असती तर तिला एका मिनिटात कळलं असतं. मग 50 म्हणजे अडीच विसा. पण अडीचला त्यांचा जुना शब्द आहे 'अर्धा तिसरा', म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. हाल्त्रेस म्हणजे 'अर्धा तिसरा वीस'.

आता आपला अडीच कुठून आला? संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' वरून. अर्धा तिसरा! मी हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा बसमध्ये एकटाच हसलो. पुढे 70 म्हणजे हाल्फ्येर्स, 'अर्धा चौथा वीस', साडेतीन विसा. आणि साडेतीनला आपल्याकडे औट म्हणतात, 'औट घटकेचं राज्य' मधला, जुन्या पाढ्यांतली औटकी, तो आलाय 'अर्धचतुर्थ' वरून. 90 म्हणजे हाल्फेम्स, साडेचार विसा. शिवाय एकक आधी, दशक नंतर, 57 ला 'सात आणि अर्धा-तिसरा-वीस'. आपण सत्तावन्न म्हणतो, सात आधीच. इंग्रज माणसाला इथे घाम फुटतो, आपल्याला सवय आहे. हां, शेजारच्या नॉर्वे-स्वीडनवाल्यांनाही हे आकडे झेपत नाहीत, ते सरळ पाच-दहा, सहा-दहा अशा धर्तीचे शब्द वापरतात.

कँटोनीज आकडे दहा मिनिटांत संपतात. 97 म्हणजे 'काउ सप् छत्', नऊ दहा सात. विषय संपला. आपल्या एकोणसाठ-एकोणसत्तरच्या जंगलातून गेलेल्याला तर रडू येईल इतकं सोपं आहे.

व्याकरण दोन्हीकडे मराठीपेक्षा सोपं, आणि हे मी अतिशयोक्ती न करता सांगतोय. डॅनिशमध्ये क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही, मी-तू-आम्ही-ते सगळ्यांना एकच रूप. लिंगं दोन, आपल्यापेक्षा एक कमी, पण कुठला शब्द कुठल्या लिंगाचा ते आपल्यासारखंच पाठ करावं लागतं, नियम विचारू नका, टेबल ते आणि खुर्ची ती का, याचं उत्तर आपल्याकडे तरी कुठे आहे. 'ते ठराविक घर' म्हणायचं असेल तर शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लावतात, हूस म्हणजे घर, हूसेध म्हणजे ते घर, आपण घरात-घराला करतोच तर हे काही विचित्र वाटत नाही. फक्त क्रियापद वाक्यात दुसऱ्या जागेवर पाहिजेच, 'आज खातो मी भात' असं. शब्दशः मराठीत आणलं तर प्रत्येक डॅनिश माणूस भावगीत म्हणतोय असं वाटतं.

कँटोनीजमध्ये तर क्रियापद बदलतच नाही. खाणं म्हणजे 'सिक्'. खाल्लं 'सिक् चो', खातोय 'सिक् कन', आधी कधीतरी खाल्लंय 'सिक् क्वो'. लिंग नाही, वचन नाही, काळ नाही. फक्त मोजताना प्रत्येक वस्तूला तिचा नग-शब्द लागतो, माणसाला वेगळा, मांजराला वेगळा, पुस्तकाला वेगळा, कागदाला वेगळा. भेटल्यावर विचारतात 'सिक् चो फान मेय आ?', भात खाल्ला का, म्हणजे आपलं 'जेवलात का?', आणि आपल्यासारखंच त्याचं खरं उत्तर कुणाला नको असतं.

मग 2200 तास जातात कुठे? लिपीत. आणि त्यातही एक गोम आहे जी क्लासवाले आधी सांगत नाहीत. हाँगकाँगमध्ये लोक जे बोलतात ते पुस्तकात लिहीत नाहीत. वर्तमानपत्र, ऑफिसची पत्रं, शाळेचे धडे, सगळं प्रमाण चिनीत, जी मँडरिनच्या जवळची आहे. 'तो' ला बोलताना म्हणतात 'खोय', लिहितात वेगळंच चिन्ह आणि वाचताना त्याला 'था' म्हणतात. खाण्याला बोलताना 'सिक्', धड्यात 'हेक्'. पोर घरी एक शब्द बोलतं आणि वर्गात त्याच अर्थाचा दुसरा वाचतं. आपण केलं-केले, गेलं-गेले करतो त्याच्या पन्नासपट समजा. बोलीतले शब्द लिहायला चिन्हं आहेत, मेसेजमध्ये, जाहिरातीत, कॉमेंटमध्ये सर्रास वापरतात, पण परीक्षेत लिहिलं तर मार्क जातात. वर हाँगकाँग-मकाऊमध्ये जुनी, जास्त रेघांची चिन्हं आणि पलीकडे ग्वांगचौमध्ये सोपी केलेली. पेपर वाचण्यापुरती म्हटलं तरी साधारण तीन हजार.

म्हणजे बघा, डॅनिशच्या कागदावर अशी अक्षरं आहेत जी तोंडाने कधीच टाकून दिली, आणि कँटोनीजच्या तोंडात असे शब्द आहेत ज्यांना कागदावर जागाच दिली नाही. डॅनिश वाचायला सहा महिन्यांत यायला लागतं (आणि त्यावर नॉर्वेजियन जवळजवळ फुकट, कारण नॉर्वे 1814 पर्यंत कित्येक शतकं डॅनिश सत्तेखाली होता आणि त्यांची मुख्य लेखी भाषा त्यातूनच निघाली), पण बेकरीतल्या बाईचं बोलणं कळायला मला दीड वर्ष लागलं. कँटोनीजमध्ये सहा महिन्यांत बाजारहाट आणि टॅक्सी जमली, पण सोसायटीची नोटीस आजही मला वाचता येत नाही.

म्हणून मी बहिणीला म्हटलं, तक्ता बघू नकोस, तुला काय करायचंय ते बघ. डेन्मार्कमध्ये कायमचं राहायचं, नागरिकत्वापर्यंत जायचं तर भाषेची सरकारी परीक्षा द्यावीच लागते, नागरिकत्वाला साधारणपणे 'प्रूव्ह इ डान्स्क 3', आणि त्यात लिहिणं-वाचणं सगळं येतं. त्यासाठी सरकारमान्य भाषाशाळा आहेत, चांगल्या आहेत. हाँगकाँगमध्ये परदेशी कंपन्यांचं ऑफिस बरंचसं इंग्रजीत चालतं, कँटोनीज शिकायची ती माणसांसाठी, तेव्हा निदान पहिलं वर्षभर चिन्हांच्या नादी न लागता फक्त कान आणि तोंड, असं माझं स्पष्ट मत. शुद्ध परंपरावाले यावर चिडतात, चिडू दे.

दोन्हीकडे एक त्रास सारखा. तुमचा चेहरा बघून आणि पहिला अडखळता शब्द ऐकून समोरचा लगेच इंग्रजीत सुरू होतो. डॅनिश लोक सौजन्य म्हणून करतात, हाँगकाँगवाले घाई म्हणून. मी डेन्मार्कमध्ये म्हाताऱ्या माणसांशी बोलायचो, बसस्टॉपवर, लायब्ररीत, त्यांना वेळ असतो. एका आजोबांनी मला नात्यांचे शब्द शिकवले आणि मी चाट पडलो. इंग्रजीत सगळे अंकल-आंटी, पण डॅनिशमध्ये आईची बहीण 'मोस्टर', वडिलांची बहीण 'फास्टर', आईचा भाऊ वेगळा, वडिलांचा भाऊ वेगळा. मोस्टर म्हणजे मोर अधिक बहिणीचा शब्द, आई-बहीण. आणि आपली मावशी आलीय 'मातृष्वसा' वरून, तीही आई-बहीण. नावाला ते म्हणतात 'नाउन'. 'तू' ला 'दू'. प्लीजला शब्दच नाही, तोही आपल्यासारखाच, आपण कधी दुकानात कृपया म्हणतो?

हाँगकाँगमध्ये मी हे काम चहाच्या टपरीवजा हॉटेलात केलं, 'छा छान थेंग' म्हणतात त्यांना. तिथला वेटर इंग्रजीत वेळ घालवत नाही, तुम्ही कँटोनीज बोललात तर ऑर्डर येते, नाहीतर तो पुढच्या टेबलावर. दुधाचा चहा 'नाय छा', कमी गोड हवा तर 'सिउ थिम'. बिनदुधाची बिनसाखरेची कॉफी हवी असेल तर ओरडायचं 'फेय सा चाउ नाय', वाळू उडाली, दूध पळालं. आणि तो 'छा' आपल्याच ओळखीचा, पोर्तुगीजांनी मकाऊवरून तो शब्द उचलला आणि त्यांच्या भाषेत आजही चहाला 'शा' म्हणतात, तर डच जहाजं दुसऱ्या किनाऱ्यावरून 'ते' घेऊन गेली, म्हणून डॅनिशमध्ये 'ते'. हे सगळं ऐकून बहीण म्हणाली, म्हणजे एका ठिकाणी मावशी आणि दुसऱ्या ठिकाणी चहा. तिचा नवरा अजून ठरवतोय, ती मात्र 3-9-4-0-5-2 पाठ करायला लागलीय, काल व्हॉइस मेसेज पाठवला होता, 9 चा सूर चुकलाय.